सुकत घातलेले पाचशे तक्ते

मुकुंदा, आधी ते रबर बँडचं सांगून टाकतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं एक अक्षर माझ्या हातून उतरणार नाही.

तुला तुझ्या डोंबिवलीच्या घरातल्या हॉलमध्ये, टीपॉय सरकवून केलेल्या जागेत ठेवलेलं. हार आलेले, शेजारी आलेले, खाली गाडी येऊन उभी. तेवढ्यात सुनंदावहिनी आतल्या खोलीतून तुझ्या तक्त्याची गुंडाळी घेऊन आल्या. ‘मूलद्रव्यांच्या चिन्हांची गोष्ट’. तुझी निवृत्तीनंतरची तीन वर्षं, दोन फूट बाय तीन फूट. त्यांनी ती गुंडाळी तुझ्या उजव्या हाताखाली सरकवली.

कुणीतरी म्हणालं, “अहो वहिनी, आठवण म्हणून राहू द्या ना ती.”

वहिनी म्हणाल्या, “हा खराब कागद आहे. लाल पेन्सिलनं सगळा खरडलाय त्यांनी. चांगले पाचशे आहेत भाऊजींकडे, छापून ठेवलेले.”

आणि सगळ्या हॉलनं माझ्याकडे पाहिलं.

पाचशे नव्हते, मुकुंदा. तुझ्या हाताखाली होता तो एकच होता. त्याच्याशिवाय जगात कुठेही, कुणाच्याही घरी तो तक्ता नव्हता आणि हे त्या हॉलमध्ये मला एकट्यालाच माहीत होतं. बोलायला वेळ होता. तिरडी बांधून झाली नव्हती, तुझे जावईबापू कुणाला तरी फोनवर रस्ता सांगत होते, चांगली पाच मिनिटं होती. “वहिनी, थांबा.” एवढंच म्हणायचं होतं. मी घसा खाकरला, एक पाऊल पुढे गेलो, तोंड उघडलं आणि म्हणालो,

“वहिनी, त्याचं रबर बँड काढून घ्या. जळताना वास येतो.”

वहिनींनी ते काढलं आणि माझ्या हातात दिलं. ते अजून माझ्या मनगटावर आहे. आंघोळीलाही काढत नाही. मी तुला खांदा दिला तेव्हा मी तुझाच नाही, त्या कागदाचाही खांदेकरी होतो.

तू असतास तर म्हणाला असतास, “सुध्या, तुझ्याकडून अपेक्षा हीच होती.” तुझ्या तोंडी हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं ते तुझ्या कारखान्याच्या गेटवर.

आठवतंय ना? डोंबिवली एमआयडीसीतला तुझा रंगद्रव्यांचा कारखाना, तू तिथला तरुण केमिस्ट, आणि मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात नुकतं स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलेला उत्साही प्राणी. ड्रमांवर लावायच्या लेबलांची ऑर्डर तू दिलेलीस. विचारलेलंस, “शाई टिकेल ना? आमच्याकडे हवेतसुद्धा ॲसिड असतं.” मी छातीवर हात ठेवून म्हणालेलो, “साहेब, तुम्ही रिटायर व्हाल पण शाई उडणार नाही.” आठ दिवसांत सगळी लेबलं कोरी पांढरी झाली. गोदामात शंभर ड्रम, एकासारखा एक, आणि कशात काय आहे हे सांगायला कुणी नाही. ड्रम लावणारे म्हात्रेमामा गेटवरच मला भेटले आणि हसून म्हणाले, “लेबलां गेली ना सगली!” त्यांच्या मागून तू आलास. तू हसत नव्हतास.

मग तू आणि म्हात्रेमामांनी ऑइलपेंटचा डबा घेतलात. एकेक ड्रम तपासून त्यावर तुम्ही खुणा काढायला लागलात. इंग्रजी अक्षरं काढून उपयोग नव्हता, अर्ध्या कामगारांना ती येत नव्हती. म्हणून चित्रं. क्लोरीनच्या सिलिंडरवर रडणारा डोळा. गंधकावर पेटलेली काडी. जस्ताच्या भुकटीवर पिठाची चाळणी. ब्रोमीनवर काय काढावं यावर म्हात्रेमामांचं आणि तुझं भांडण झालं, त्यांना विंचू हवा होता आणि तुला नको होता, आणि शेवटी विंचूच निघाला. मी शिक्षा म्हणून ब्रश धुवायला थांबलेलो. तिथं आपली मैत्री सुरू झाली. एखाद्याचं नुकसान करून त्याचा मित्र होणं हे मला तेव्हापासून जमतं.

त्या चित्रांमुळेच तू मागे मागे शोधत गेलास. एके दिवशी नौपाड्यात माझ्या घरी येऊन, चहा निवेपर्यंत बोलत राहिलास. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एक शाळामास्तर होता, त्यानं हेच केलेलं, म्हणालास. प्रत्येक मूलद्रव्याला एक वर्तुळ. प्राणवायूचं रिकामं, कोळशाचं काळं भरलेलं, हायड्रोजनच्या पोटात एक ठिपका, नायट्रोजनच्या पोटात उभी रेघ, गंधकाच्या पोटात अधिकचं चिन्ह. पाण्याचं चित्र काढायचं तर दोन वर्तुळं शेजारी शेजारी. त्याच्याही आधी किमया करणारे लोक धातूंना ग्रहांच्या खुणा देत. सोन्याला सूर्य, चांदीला चंद्रकोर, लोखंडाला मंगळाची ढाल आणि भाला, तांब्याला शुक्राचा मुठीचा आरसा.

मी म्हणालो, “अरे, हे तर मी छापतो! लेडीज-जेंट्सच्या दारांवरचे स्टिकर!”

तू कपाळाला हात लावलास. “म्हणजे ठाण्यातल्या सगळ्या ऑफिसांत तू एका दारानं लोखंड आत सोडतोस आणि दुसऱ्या दारानं तांबं.”

त्यानंतर हॉटेलात, बँकेत, दवाखान्यात कुठेही गेलो तरी तू उठताना म्हणायचास, “जरा लोखंडात जाऊन येतो.” तू गेल्यावर तुझे राहिलेले रिपोर्ट आणायला हॉस्पिटलात गेलो तर त्या दारावर माझाच स्टिकर होता. मी तिथं उभा राहून रडलो. एक माणूस मला म्हणाला, “काका, आत जायचंय की नाही?”

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. पुढे एका स्वीडिश डॉक्टरानं ती वर्तुळं मोडीत काढली आणि लॅटिन नावांची अक्षरं आणली, आज शाळेत शिकवतात ती. मी त्या डॉक्टरच्या बाजूनं. “मुकुंदा, त्याचं बरोबर आहे. छापखान्यात अक्षरांचे खिळे तयार असतात. ठिपकेवाली वर्तुळं ओतायची कुणी? तुझा मास्तर हरला कारण त्यानं छापणाऱ्याचा विचार केला नाही.”

तू चिडायचास. “म्हणजे तुमच्या सोयीसाठी चित्रं मेली. म्हात्रेमामांना रडणारा डोळा एका नजरेत कळतो. Cl कळायला आधी इंग्रजी शिकावं लागतं.”

“अरे, पण तुझ्या मास्तराचा हायड्रोजन आणि जुन्या लोकांचं सोनं, दोन्ही ठिपक्याची वर्तुळंच! ओळखायचं कसं?”

“तू कुठल्या शतकात उभा आहेस ते बघायचं.”

“मी वागळे इस्टेटमध्ये उभा आहे.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे.”

निवृत्त झाल्यावर तू तो तक्ता करायला घेतलास, कल्याणच्या ज्या शाळेत तू शनिवारी फुकट शिकवायला जायचास तिथल्या भिंतीसाठी आणि मग इतर शाळांसाठीही. चार उभे पट्टे. पहिल्यात ग्रहांच्या खुणा, दुसऱ्यात मास्तराची वर्तुळं, तिसऱ्यात डॉक्टरची अक्षरं. हे तिन्ही पट्टे कुणालाही पुस्तकांत सापडतील. पण चौथा पट्टा तुमचा होता, डोंबिवलीचा. डोळा, काडी, चाळणी, विंचू आणि मला नावं न आठवणारी बाकीची चिन्हं, प्रत्येकाखाली ते चिन्ह कुणी सुचवलं त्या कामगाराचं नाव आणि दोन ओळींची हकिगत, तुझ्या मुंगीएवढ्या अक्षरात. कारखाना बंद पडला, ड्रम भंगारात गेले. तो चौथा पट्टा तुझ्या कागदाखेरीज कुठेच उरला नव्हता. म्हणून तर तू तो काढत होतास.

तुला ट्रेसिंग पेपरवर काढायला काळी शाई मी दिली. तू विचारलंस, “पाण्यानं जाणार नाही ना?” तीस वर्षांनी तोच प्रश्न, आणि मी पुन्हा छातीवर हात ठेवला.

पाडव्याच्या सुमारास तू ट्रेसिंग घेऊन गाळ्यात आलास. मी सगळ्यात मोठी फ्रेम काढली, जाळी ताणली, तुझं चित्र जाळीवर उतरवलं आणि एक प्रूफ ओढलं. एकच. तू ते दोन्ही हातांत धरून दारातल्या उजेडात गेलास आणि बराच वेळ आलाच नाहीस. मग उजवा खालचा कोपरा मला दाखवलास. तिथं लिहिलेलं, ‘मुद्रक : सुधीर’. मी आयुष्यभर ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ छापलेला माणूस, त्या पाट्यांवर कोण नाव घालतो? मी म्हणालो, “चल, मिसळ खाऊ.” आणि फ्रेम न पुसताच गेलो. जाळीत शाई वाळली. तू दोनदा म्हणालेलास, “सुध्या, आधी पुसून घे.”

तू प्रूफ घरी नेलंस, लाल पेन्सिलनं चुका काढायला. तुझ्या चुका काही संपेनात. फोन केला की, “कथलाचं चिन्ह वाकडं आलंय,” “म्हात्रेमामांचं नाव अजून ठळक हवं.” मधेच बाळकुमच्या एका नव्या टॉवरचं काम आलं, ‘येथे वाहन लावू नये’, तातडीनं, मोठ्या पाट्या. मोठी फ्रेम एकच होती. मी म्हटलं, ट्रेसिंग आहे की, पुन्हा उतरवू. आणि ब्लीचिंगच्या पाण्यानं मी तुझी फ्रेम धुतली. आमच्या धंद्यात यात काही पाप नाही, काम झालं की जाळी धुवून पुढचं काम घेतात. फक्त काम झालेलं असायला हवं.

डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ब्लीचिंगला येतंच. तुझा रडणारा डोळा मी क्लोरीननंच पुसला रे. आणि त्या वेळी मी गाणं गुणगुणत होतो.

श्रावणात पोटमाळ्यावरून ट्रेसिंगची गुंडाळी काढली. वरचा पत्रा गळत होता. उलगडली तर काळपट निळं पाणी आणि मऊ कागद, एकही रेघ नाही. तरी म्हटलं, प्रूफ आहे मुकुंदाकडे. चुका काढून झाल्या की देईलच, त्यावरून नव्यानं करू. तुला सांगायची गरजच काय? नेहमीसारखं गुपचूप निस्तरू.

आणि मग तुझा हॉस्पिटलातून फोन आला. वहिनींनी स्पीकरवर ठेवलेला. तुझा आवाज मी ओळखला नाही, इतका बारीक.

“सुध्या, चुका राहू दे आता. आहे तसं छाप.”

मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, मुकुंदा, फ्रेम धुतली, ट्रेसिंग गेलं, वहिनींना सांगून ते प्रूफ जपून ठेव. पण तो आवाज ऐकून मी म्हणालो,

“अरे, छापले! पाचशे! तुझ्या चुका गेल्या खड्ड्यात. दोरीवर सुकत घातलेत.”

“खरंच?”

“आईशप्पथ.”

मग म्हणालास, “सुकले की एक आण.” मी म्हणालो, “आणतो.” पुढचे पाच दिवस मी तुला भेटायलाच आलो नाही. कारणं सांगितली ती सगळी खोटी होती. हात हलवत कसा येणार होतो? वाटलं, तू घरी येशील, मग काहीतरी निमित्त काढून प्रूफ मागेन. तू घरी आलास तो चादरीत.

म्हणजे शेवटचे पाच दिवस मी तुला एकटा टाकला, ते एका कागदापायी. आणि मग तो कागदही जळू दिला. एखादी गोष्ट इतकी पूर्णपणे बिघडवायला अक्कल लागते, मुकुंदा. माझ्यात ती आहे हे मला माहीत नव्हतं.

स्मशानातून आल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तेराव्याला येईल त्याला एकेक तक्ता देऊ या. यांना आवडेल. कारखान्यातले जुने लोकही यायचेत.” मी मान हलवली. मान हलवणं हे माझं शरीर माझ्या परवानगीशिवाय करतं.

तेव्हापासून मी रोज सकाळी गाळ्यात जातो. ती मोठी फ्रेम खिडकीला उभी लावतो आणि जाळीतून येणाऱ्या उजेडाकडे बघतो. शाई जाळीत वाळली की धुतल्यावरही तिची पुसट सावली राहते. आपण मिसळ खायला गेलो म्हणून ती राहिलीय. माझा आळस एवढाच काय तो तुझ्या उपयोगी पडला. पण त्यानंतरच्या कामांच्या सावल्याही तिच्यावर आहेत. चौथ्या पट्ट्यावरून आडवं जातं, ‘येथे वाहन लावू नये’. विंचवाची नांगी ‘वा’च्या कान्यात अडकलीय. मी ट्रेसिंग लावून पेन्सिलनं गिरवतो, खोडतो, पुन्हा गिरवतो. डोळा सापडला. काडी सापडली. चाळणी अर्धी. तुझी मुंग्यांची अक्षरं एकूण एक गेली. सगळ्यात स्वच्छ काय राहिलंय माहितीये? उजवा खालचा कोपरा. तिथं पाट्यांची शाई पोचलीच नव्हती. ‘मुद्रक : सुधीर’. वाचता येतं, लांबूनसुद्धा.

फोनमध्ये एक फोटोही आहे. प्रूफ ओढलं त्या दिवशी मी सेल्फी काढलेला. तू, मी आणि मागे तक्ता. तक्त्यासमोर बरोबर मधोमध माझं डोकं, दात काढून. चौथा पट्टा माझ्या कानामागे आहे. मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघतो. माझा कान मोठा होतो.

सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच. जी चिन्हं मला सापडली ती मी ज्यांच्यावर विनोद केले तीच आहेत. बाकीच्या सावल्या दिसतात, पण त्या कशाच्या ते कळत नाही. एक वाटी आहे, की ओंजळ? एक शिडी आहे, की मासळीचा काटा? तू मला प्रत्येक चिन्हाची गोष्ट सांगितलेलीस. एकदा नाही, दहादा. मी तेव्हा फोनवर भावाच्या नातवाचे व्हिडिओ बघत होतो आणि “हं, हं” करत होतो. परत सांग ना रे. एकदाच. मी फोन खाली ठेवतो. शपथ घेत नाही, माझ्या शपथेचं काय ते तुला कळलंय, पण ठेवतो.

आज बारावा. दुपारी डोंबिवलीला गेलो. हातात ते अर्धवट ट्रेसिंग. वहिनींनी पाणी दिलं आणि विचारलं, “गठ्ठा रिक्षात राहिला का?”

मी सगळं सांगितलं. फ्रेम, पत्रा, फोन, पाच दिवस. खाली बघून सांगितलं.

“म्हणजे मी त्यांच्या हाताखाली ठेवला,” त्या हळूच म्हणाल्या, “तो शेवटचा होता.”

“हो.”

“तुम्हाला तेव्हा माहीत होतं.”

“हो वहिनी.”

“आणि तुम्ही रबर बँडचं बोललात.”

त्यांनी मला घालवून दिलं असतं तर बरं झालं असतं. ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणारच नाहीत. आल्या त्या डोळे पुसून, चष्मा घालून. ट्रेसिंग टीपॉयवर पसरलं. शिडीसारख्या त्या सावलीवर बोट ठेवलं.

“हे मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.” मग म्हणाल्या, “म्हात्रेमामांना माहीत असेल. उद्या येणारेत. कारखान्यातले दाते येतील, ते सरदारजी येतील भांडुपहून. ज्यांनी काढलं त्यांना आठवत असेल. नसेलही. मामांचं वय झालंय.”

“मग मी काय करू?”

“हे आहे तसं छापा. मोकळ्या जागा मोकळ्याच ठेवा. आणि पेन्सिली आणा, टोक केलेल्या. ज्याला जे आठवेल ते तो काढेल.”

“आणि वाहन लावू नये?”

“ते पण राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव तेवढं खोडा. आणि उद्या सगळ्यांना हे तुम्ही स्वतः सांगायचं, भाऊजी. मी नाही सांगणार.”

मी नाव खोडलं. संध्याकाळी गाळ्यात येऊन फ्रेम केली आणि आता हे लिहीत बसलोय. उद्या म्हात्रेमामा माझ्याकडे बघून हसतील का, मला माहीत नाही. त्यांना विंचू आठवेल. बाकीचं आठवेल का, तेही माहीत नाही. कुणालाच काही आठवलं नाही तर तो पट्टा तसाच राहणार, आणि तुमच्या डोंबिवलीच्या खुणा माझ्यापाशी येऊन संपल्या एवढंच खरं. उद्या मला ते भरल्या घरात मोठ्यानं बोलायचंय, माझी जीभ मला ठाऊक आहे, ऐन वेळी ती तिसरंच काहीतरी बोलेल. म्हणून आधी तुला सांगतो. तू ‘खरंच?’ असं विचारलं होतंस आणि तुला खरं उत्तर मिळालं नव्हतं.

एकही छापला नव्हता, मुकुंदा. दोरी रिकामी होती. आता माझ्यामागे त्या दोरीवर ओले कागद लटकतायत, मोकळ्या जागांचे. सुकले की एक घेऊन येतो म्हणालेलो. कुठे घेऊन येऊ?